काळी कोंबडी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ घरी गावरान कोंबड्या असतात. आता आपण कडकनाथही पाळून पाहू. ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआची. पिसे काळी, तुरा काळा, मांससुद्धा काळे! अंगणात मोठी शोभते.

पण ती क्वचितच खुडूक होते. म्हणून तिची १० ताजी अंडी आपण गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवू. २१ दिवसांनी पिले निघतात. मात्र कोंबडा कडकनाथच हवा. नाही तर वाण बिघडतो.

पिले निघाली म्हणजे काम संपले का? नाही. मानमोडी आली, की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात विचारून लस देऊ. लस चुकली, तर सारी मेहनत वाया!