मध्यस्थाचा वाटा

लखनौचा चिकनकारीचा कुडता एका हाताने पुरा होत नाही. कापड बेतणारा, शिवणारा, लाकडी ठशांनी नक्षी उमटविणारा, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया आणि शेवटी धोबी, असा त्याचा प्रवास असतो. बखिया, मुर्री, जाळी हे टाके पुष्कळदा निरनिराळ्या स्त्रिया घरी बसून घालतात. व्यापाऱ्याचे काम त्यांच्यापर्यंत नेतो तो मध्यस्थ. मजुरी नगावर ठरते आणि तीतूनच त्याचा वाटा निघतो.

हा वाटा मुळातच अन्यायाचा म्हणता येणार नाही. ने-आण, देखरेख आणि जोखीम यांचेही मोल असते. समजा, एका कुडत्यामागे मिळालेल्या १०० रुपयांपैकी त्याने यांपोटी २५ ठेवले. तर उरलेले ७५ रुपये प्रत्येक टाक्याला लागणाऱ्या वेळेच्या प्रमाणात वाटले जावेत.

खरा वाद नुकसानीचा आहे. ठशांची नक्षी धुलाईतच निघून जाते आणि राहिलेला डाग तेव्हाच नजरेस येतो. तोवर कुडता अनेक हातांतून गेलेला असतो. सारी कपात भरतकाम करणारीवरच लादली, तर जोखमीचा मोबदला एकाचा आणि जोखीम दुसरीची, असे होते. म्हणून वाटा, दर आणि कपात या तिन्ही गोष्टी कापड हाती देण्यापूर्वीच ठरल्या पाहिजेत.