खेळाच्या पेटीतील नंदादीप

गतवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरील ट्रंक आवरीत असता माझ्या नातवास 'गेम बॉय' नावाचे खेळाचे यंत्र सापडले. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८९ साली हे हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. आमच्या घरचे यंत्र माझ्या धाकट्या बंधूंनी १९९९ साली अमेरिकेहून माझ्या मुलीसाठी, म्हणजे नातवाच्या आत्यासाठी, आणले होते. सोबत 'पोकेमॉन रेड' या खेळाची तांबडी पेटी होती. अशा पेटीस कार्ट्रिज म्हणतात.

नवे सेल घालताच यंत्र सुरू झाले. आश्चर्य असे, की आत्याने शाळकरी वयात अर्धा सोडलेला खेळ तेथेच तिची वाट पाहत होता! त्यात कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यास तिने 'मोती' हे नाव रोमन अक्षरांत दिले होते. मोती हा आमचा कुत्रा. तो जाऊन आता बरीच वर्षे झाली.

"आजोबा, या पेटीतही एक सेल असतो. तो आता केव्हाही संपेल. मी बदलू का?" नातू पेचकस शोधू लागला. मी त्याचा हात धरला.

मुलांनो, का धरला ते सांगतो. या पेटीत दोन प्रकारची स्मृती असते. खेळाचा मूळ कार्यक्रम ज्या चकतीत असतो, ती शिलालेखासारखी होय. वीज असो वा नसो, तिच्यावरील अक्षर पुसले जात नाही. खेळणाऱ्याने कोठवर मजल मारली याची नोंद मात्र दुसऱ्या चकतीत राहते. ही चकती देवघरातील नंदादीपासारखी आहे. तेल आहे तोवर ज्योत. तेल सरले की अंधार. यंत्र चालू असताना तिला यंत्राकडून वीज मिळते आणि बंद असताना नाण्याएवढा लिथियमचा बटनसेल तिला जागती ठेवतो.

एवढासा सेल इतकी वर्षे कसा पुरतो? गणित करून पाहू. काही पेट्यांत 'सीआर २०२५' जातीचा सेल असतो. या आकड्यांतच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी २.५ मिलिमीटर. त्यात सुमारे १५० मिलिअँपिअर-तास विद्युत्साठा असतो. चकतीने एक मायक्रोअँपिअर, म्हणजे मिलिअँपिअरचा हजारावा भाग, एवढीच वीज घेतली, तर तो साठा दीड लाख तास, म्हणजे सुमारे सतरा वर्षे पुरेल. याहून कमी घेतली, तर अधिक. १९९९ साली जपानात निघालेल्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या खेळांच्या पेट्यांत मात्र एक घड्याळही आहे. ते अहोरात्र चालते. म्हणून त्या पेट्यांचे सेल लवकर संपतात.

आता खरी अडचण ध्यानात आली ना? जुना सेल काढला, की त्याच क्षणी ज्योत विझणार आणि मोती जाणार. नाशिकला आत्यास दूरध्वनी केला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, सेल बदला, पण मोतीला जाऊ देऊ नका."

आम्ही एका जाणत्या कारागिराकडे गेलो. त्याने प्रथम पेटी एका लहानशा उपकरणात बसवून आतील नोंदीची प्रत संगणकावर उतरवली. ती अवघी ३२ किलोबाइटांची. हल्लीच्या एका छायाचित्राहूनही कितीतरी लहान! मग पेटी उघडली. तिचा स्क्रू साध्या पेचकसाने फिरत नाही, त्यास ३.८ मिलिमीटरचे खास टोक लागते. सेलवर मल्टिमीटर धरला. नव्या सेलात तीन व्होल्ट असतात. येथे काटा अडीचच्याही खाली थांबला. आणखी थोडा उतरता, तर स्मृती आपोआपच गेली असती.

जुना सेल पातळ पट्ट्यांनी फळीस डाखलेला होता. नवाही आधीच पट्ट्या जोडलेला घ्यावा लागतो. सेलच्या अंगावरच डाख देऊ नये. उष्णतेने तो फुटू शकतो. धन व ऋण टोकांची अदलाबदलही होता कामा नये. हे काम मोठ्यांनीच करावे. काढलेला सेलही लहान भावंडांच्या हाती पडू देऊ नये. असा सेल गिळला गेला, तर तो अन्ननलिका जाळतो आणि तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. कोणी चिकटपट्टीने सेल बसवतात, तेही मला पसंत नाही. एका धक्क्याने तो निसटतो.

पुढे निघालेल्या अनेक पेट्यांत वीज नसतानाही टिकणारी फ्लॅश स्मृती आली. तेथे सेल असलाच, तर तो कित्येकदा केवळ घड्याळापुरता असतो आणि तो संपला तरी नोंद शाबूत राहते. आमची पेटी त्यापूर्वीची.

कारागिराने पेटी मिटून संगणकावरील प्रत पुन्हा आत उतरवली. नातवाने कळ दाबली. यादीत वरून तिसरे नाव मोतीचे होते. घरी येताच त्याने कागदाचा एक चिटोरा कापला, त्यावर सेल बदलल्याचा महिना व वर्ष लिहिले आणि तो पेटीच्या पाठीवर चिकटवला.