लिहिण्याची आडत

दुबईत कापडाच्या दुकानात असलेल्या माझ्या पुतण्याने विचारले, "चाचा, कापडाची पारख लिहून पैसे मिळतील का?" सवाल रास्त आहे.

इंटरनेटवर सबस्टॅक ही पेढी २०१७ पासून आहे. लेख वाचकाच्या ई-मेलवर जातो, वाचक वर्गणी भरतो. जागेचे भाडे नाही; वर्गणी आली तरच पेढी शेकडा १० कापते. हे व्याज नव्हे, आडत आहे. ५० वाचकांनी महिना ५ डॉलर दिले तर २५० होतात, त्यात २५ आडतीचे. कार्डावरची वसुली स्ट्राइप कंपनी करते, तिचा खर्च निराळा. भारतातून लिहिणाऱ्याने स्ट्राइपचे खाते मिळते का, हे आधी पाहावे.

मीडियम या दुसऱ्या पेढीवर वाचक वर्गणी पेढीलाच देतो, लेखकाला वाचनाप्रमाणे वाटा. म्हणजे गिऱ्हाईक पेढीचे. सबस्टॅकवर वाचकांच्या पत्त्यांची यादी उतरवून घेता येते. पेढी बदलली तरी खातेवही आपल्याजवळ! मला हेच महत्त्वाचे वाटते.

पुतण्याने पहिल्याच लेखाला वर्गणीचे कुलूप लावले. तीन महिने कोणी फिरकले नाही. नमुना न दाखवता ठाण कोण घेतो? आता दर जुमेरातीला तो एक लेख फुकट देतो. यादीत ४० नावे झाली आहेत. वर्गणीदार अजून एकही नाही.