कलशातील नर्मदा

देवपूजेच्या आरंभी कलशपूजन होते. लहानशा कलशात पाणी भरून गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना त्यात आवाहन केले जाते. नळाच्या पाण्यात नद्या कशा येतील, अशी शंका आम्हा तरुणांच्या मनात सहज येते. इंदूरकरांनी तरी ती बाळगू नये. इ. स. १९७८ पासून आपल्या नगरीस नर्मदेचे पाणी मिळत आहे. मंडलेश्वरनजीकच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर तोडून आणि विंध्याचा चढ चढून ही माता आपल्या दारी येते.

हा पराक्रम मनुष्याच्या यंत्रांचा, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर केनोपनिषदातील कथेत आहे. असुरांवर विजय मिळताच देवांना गर्व झाला. तेव्हा ब्रह्म यक्षरूपाने प्रकट झाले व त्याने त्यांच्यापुढे गवताची एक काडी ठेवली. अग्नीला ती जाळता येईना, वायूला ती हलविता येईना. इंद्र पुढे सरसावला, तोच यक्ष अंतर्धान पावला. पुढे उमा हैमवतीने इंद्राला सांगितले की, तो विजय ब्रह्माचा होता. देवांनी तो आपला मानला.

यंत्र पाणी वर चढविते. पाण्याचा एक थेंबही उत्पन्न करीत नाही. समुद्राच्या पाण्याची वाफ करणारे सूर्याचे तेज, मेघ वाहून आणणारे वारे आणि ज्येष्ठ-आषाढात माळव्याच्या काळ्या भूमीवर कोसळणारा पाऊस यांची व्यवस्था कोणी केली? विज्ञान या घडामोडींचे नियम सांगते व त्याचा आदर केलाच पाहिजे. परंतु शास्त्रज्ञांनी हे नियम शोधले. घालून दिले नाहीत. पाण्यातील रस ही आपलीच विभूती आहे, असा गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांचा अभिप्राय आहे. मग तहानेल्याने घेतलेला प्रत्येक घोट हे ईश्वराचे दर्शनच नव्हे काय?

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. इंदूर विंध्याच्या उत्तरेस वसले असल्यामुळे येथील खान (कान्ह) नदी क्षिप्रेला मिळते. तेथून ते पाणी चंबळा, यमुना आणि अखेर गंगा यांच्या मार्गास लागते. म्हणजे नर्मदेतून वर आलेले पाणी आपल्या घरांतून निघून गंगेची वाट धरते. मार्गात ते आपल्या हातून कसे मलिन होते, हे खानच्या काठी उभे राहिल्यास कोणालाही दिसेल. सकाळी ज्या जलाला हात जोडावयाचे, त्याच जलात सायंकाळी निर्माल्य व कचरा लोटावयाचा, ही कसली भक्ती?

म्हणून निर्माल्य नदीत न टाकता झाडाच्या मुळाशी पुरावे, गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा आणि मुलांना कलशातील सात नद्यांची नावे अर्थासह शिकवावीत. निसर्गातील ईश्वराची सत्ता ओळखणे म्हणजे तिच्यापुढे नम्र होणे; आणि ही नम्रता आचरणात दिसली पाहिजे.