घरगुती बिनतारी राउटर : नाव एक, आवृत्त्या अनेक

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. शासकीय सेवा, बँकव्यवहार, परीक्षांचे अर्ज आणि घरबसल्या केली जाणारी नोकरी या सर्व गोष्टी तेव्हापासून क्रमाक्रमाने इंटरनेटवर आल्या. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग गृहीत धरला होता. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली आणि घराघरांत बिनतारी राउटर बसवणे सुलभ झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही याच रीतीने खुला झाला.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूरमध्ये वसलेली मराठी कुटुंबे असोत वा नोकरीनिमित्त नव्याने आलेली, राउटर बंद पडला की घरातील अनेक कामे एकदम अडतात. अशा वेळी ग्राहक बहुधा जुन्याच नावाचा राउटर मागतो. मात्र नाव तेच असले तरी आतील यंत्र तेच असेल, याची खात्री नसते.

हार्डवेअर आवृत्ती म्हणजे काय?

एखादे मॉडेल अनेक वर्षे विकले जाते. त्या काळात एखाद्या चिपचे उत्पादन थांबते, उत्पादनखर्च कमी करण्याची गरज भासते किंवा नियम बदलतात. उत्पादक मग प्रक्रियक, स्मृती वा बिनतारी चिप बदलतो. परंतु बाजारात रुळलेले नाव कायम ठेवतो. या बदलाची खूण म्हणजे हार्डवेअर आवृत्ती. टीपी-लिंकच्या उपकरणावर ती ‘व्हर्जन’ या शब्दाच्या संक्षेपापुढे अंकांत छापलेली असते, तर डी-लिंक ‘ए-१’, ‘बी-१’ अशी अक्षर व अंक यांची जोडी वापरते.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे लिंक्सिसचा ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’. २००२ च्या अखेरीस आलेल्या या राउटरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या लिनक्सवर चालत. २००५ मधील पाचव्या आवृत्तीत मात्र कार्यप्रणाली बदलली आणि स्मृती निम्म्यावर आली : कायमस्वरूपी स्मृती ४ ऐवजी २ मेगाबाइट, तर कार्यस्मृती १६ ऐवजी ८ मेगाबाइट. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी कंपनीने त्याच वर्षी ‘डब्ल्यूआरटी ५४ जीएल’ हे वेगळे मॉडेल आणले.

भारतीय घरांत परिचित असलेल्या टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूआर ८४१ एन’ची गोष्टही उद्बोधक आहे. त्याच्या तेराव्या आवृत्तीत ८ मेगाबाइट कायमस्वरूपी व ६४ मेगाबाइट कार्यस्मृती होती. चौदाव्या आवृत्तीत ती अनुक्रमे ४ व ३२ मेगाबाइट झाली. म्हणजेच नंतरचा क्रमांक नेहमीच वरच्या दर्जाचा असतो, हा समज बरोबर नाही.

आवृत्तीला एवढे महत्त्व का?

राउटरचे अंतर्गत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, ठरावीक आवृत्तीसाठीच बनवलेले असते. दुसऱ्या आवृत्तीचे फर्मवेअर भरल्यास चांगले यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. प्रदेशानुसारही फर्मवेअर वेगळे असू शकते. म्हणून मॉडेल, आवृत्ती आणि प्रदेश या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ते बदलू नये.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा पद्धतीतील ‘क्रॅक’ नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा उपकरणांना दुरुस्तीची अद्यतने आवश्यक ठरली. अशी अद्यतने आवृत्तीनुसार मिळतात. जुन्या आवृत्तीसाठी ती थांबलेली असू शकतात. मुलांचा अभ्यास आणि घरातील पैशांचे व्यवहार ज्या यंत्रातून जातात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही.

नवा राउटर घेण्यापूर्वी

प्रथम बिघाड नेमका कोठे आहे, हे पाहावे. अनेकदा राउटर ठीक असतो. अॅडॉप्टर अशक्त झालेला असतो. बदली अॅडॉप्टरचे व्होल्ट मूळ लेबलाशी जुळले पाहिजेत आणि अँपिअर त्याहून कमी नसावेत. तपमानाचाही विचार करावा. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंश सेल्सिअससाठी बनवलेले असतात. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा सहज ४० च्या पुढे जातो. बंद कपाटातील राउटर अशा वेळी वारंवार अडखळतो.

त्यानंतर जोडणीचा प्रकार तपासावा. तांब्याच्या टेलिफोन तारेवरील जोडणीला मोडेमसह राउटर लागतो. प्रकाशीय तंतूच्या जोडणीत सेवापुरवठादाराने बसवलेल्या पेटीतच पुष्कळदा राउटरही असतो. ती पेटी ग्राहकाने परस्पर बदलून चालत नाही, कारण तिची नोंद पुरवठादाराकडे असते. तिच्यापुढे वेगळा राउटर मात्र जोडता येतो.

योजनेचा वेग सेकंदाला १०० मेगाबिटपेक्षा अधिक असेल, तर गिगाबिट जोडमुखे असलेला राउटर घ्यावा. अन्यथा जादा वेगाचे पैसे वाया जातात. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्‌झवर शेजाऱ्यांच्या लहरींची गर्दी असते, कारण तेथे एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्‌झवर मोकळीक व वेग अधिक मिळतो, परंतु भिंती ओलांडण्याची क्षमता कमी असते. म्हणून दोन्ही पट्टे असलेला राउटर श्रेयस्कर. डब्ल्यूपीए-३ ही २०१८ मध्ये जाहीर झालेली सुरक्षा पद्धत त्यात असावी.

शेवटी आवृत्ती. दुकानात पैसे देण्यापूर्वी खोक्यावरील लेबल वाचावे आणि त्याच आवृत्तीसाठी शेवटचे अद्यतन केव्हा आले, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावे. ऑनलाइन खरेदीत आवृत्ती बहुधा नमूद नसते. विक्रेत्याला ती लेखी विचारावी. वस्तूचा दर्जा व गुणधर्म यांची माहिती मिळणे हा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने मान्य केलेला हक्क आहे.

जुना राउटर कचऱ्यात टाकू नये. त्यातील संकेतशब्द व मांडणी पुसून तो ई-कचरा संकलनासाठी द्यावा. नव्या राउटरचे मॉडेल, आवृत्ती आणि खरेदीची तारीख पावतीवर लिहून ठेवावी. पुढील अद्यतनाच्या वा दुरुस्तीच्या वेळी हीच नोंद उपयोगी पडेल.