विश्वस्त : मालक नव्हे, राखणदार

वडिलांनी कष्टाने उभारलेला धंदा पुढील पिढीत दुभंगू नये, म्हणून काही कुटुंबे खासगी न्यास, म्हणजेच ट्रस्ट, स्थापन करितात. अशा न्यासांना १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. त्याचे मर्म थोडक्यात असे : मालमत्ता विश्वस्ताच्या नावे असते, पण तिचे फळ लाभार्थींचे असते. हे विसरले की सख्खी भावंडेही कोर्टाची पायरी चढतात.

समजा, एका गृहस्थांनी आपला छापखाना न्यासात ठेविला. थोरला मुलगा व एक स्नेही हे विश्वस्त; पत्नी व तिन्ही मुले लाभार्थी, त्यांत धाकटी मुलगी अज्ञान. छापखाना थोरलाच चालवितो. त्याची कर्तव्ये कोणती?

१. न्यासपत्रातील आज्ञेप्रमाणे वागणे (कलम ११).

२. सुज्ञ मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची घेतो तितकी काळजी न्यासाची घेणे (कलम १५).

३. निःपक्षपाती राहणे (कलम १७). तो स्वतः लाभार्थी असला, तरी धाकटीच्या हिताला त्याच्या हिताइतकेच वजन आहे.

४. स्पष्ट व अचूक हिशेब ठेवणे आणि लाभार्थीने मागताच दाखविणे (कलम १९). आईने वही मागितली तर तो अविश्वास नव्हे. तो तिचा हक्क आहे.

५. न्यासाच्या पैशातून स्वतःचा लाभ न साधणे (कलम ५१). तशी तरतूद वा करार नसेल, तर श्रमाचा मोबदलाही मागता येत नाही (कलम ५०). म्हणून छापखाना चालविण्याचा पगार द्यावयाचा असल्यास वडिलांनी तो न्यासपत्रातच लिहून ठेवावा.

आता त्या स्नेह्याचा विचार करू. "मी केवळ सहीपुरता आहे," असे म्हणून त्याची सुटका होत नाही. सहविश्वस्ताने केलेला न्यासभंग ठाऊक असून त्याने तो दडविला, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावरही येते (कलम २६).

विश्वस्तपद स्वीकारण्याची सक्ती कोणावरही नाही. परंतु एकदा स्वीकारल्यावर ते मन मानेल तेव्हा टाकून देता येत नाही. यास्तव भिडेखातर होकार देऊ नका. न्यासपत्र अथपासून इतिपर्यंत वाचा. आणि आपण आधीच विश्वस्त असाल, तर स्वतःस विचारा : घरातील सर्वांत लहान लाभार्थी उद्या सज्ञान होऊन समोर उभी राहिली, तर आपली वही तिच्यापुढे निःशंकपणे उघडता येईल काय?