शुक्रावरच्या मुलांची गोष्ट : एक अभ्यास



या वेळी आमच्या बाईंनी चौथीच्या वर्गाला इंग्रजीतली एक विज्ञानकथा मराठीतून सांगितली. ती अमेरिकेतले लेखक रे ब्रॅडबरी यांनी लिहिली आहे. १९५४ साली ती एका मासिकात छापून आली. तिचे इंग्रजी नाव 'ऑल समर इन अ डे', म्हणजे सगळा उन्हाळा एकाच दिवसात. वर्गात आम्ही तिचा जो अभ्यास केला तो इथे देत आहे.

गोष्ट शुक्र ग्रहावर घडते. पृथ्वीवरची माणसे रॉकेटमधून तिथे राहायला गेलेली असतात. तिथे पाऊस थांबतच नाही. आपल्याकडे श्रावणात मधूनमधून ऊन तरी पडते. तिथे वर्षानुवर्षे नुसता धो धो! रान वाढते, पावसाने झोडपून आडवे होते, पुन्हा वाढते. म्हणून माणसांनी घरे आणि शाळा जमिनीखाली बांधलेल्या आहेत. सूर्य दिसतो तो सात वर्षांतून एकदाच, फक्त दोन तास.

वर्गातली मुले नऊ वर्षांची. त्यात मार्गो नावाची एक मुलगी आहे. ती गप्प गप्प असते, कुणात खेळत नाही. तिला सूर्य आठवतो. तो नाण्यासारखा असतो, चुलीतल्या जाळासारखा असतो, असे ती सांगते. बाकीची पोरे म्हणतात, ही खोटं बोलते.

इथे बाईंनी फळ्यावर गणित घातले. मुले आता ९ वर्षांची आणि सूर्य ७ वर्षांपूर्वी दिसला होता. ९ वजा ७ म्हणजे २. तेव्हा ती दोन वर्षांची होती, म्हणून त्यांना काहीच आठवत नाही. मार्गो ४ वर्षांची असताना, ५ वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून तिथे आली. म्हणजे पहिली चार वर्षे तिने पृथ्वीवरचे ऊन पाहिले होते. ती खरेच बोलत होती, पण ते खरे ठाऊक असलेली ती एकटीच होती. मला हे गणित फार आवडले. मुले तिच्यावर का जळत होती, ते त्यावरून कळते.

सूर्य निघायच्या दिवशी बाई जरा बाहेर जातात. तेवढ्यात मुले मार्गोला ओढत नेतात आणि एका लहान खोलीत कोंडून ठेवतात. ती दार बडवते, रडते. बाई परत येऊन विचारतात, सगळे आहेत ना? मुले हो म्हणतात. मग पाऊस थांबतो. सगळी बाहेर धावतात, अंगातले कोट काढून उन्हात खेळतात. दोन तास संपत आले तेव्हा एका मुलीच्या हातावर पावसाचा थेंब पडतो आणि तिला रडू येते. सगळी आत येतात, दार लागते आणि मग एकीला मार्गोची आठवण होते. कुणी कुणाकडे बघत नाही. हळूहळू जाऊन ती खोली उघडतात आणि तिला बाहेर काढतात. गोष्ट इथेच संपते.

आता विज्ञान. शुक्रावर सतत दाट ढग असतात, त्यामुळे दुर्बिणीतून त्याची जमीन दिसत नाही. म्हणून पूर्वी काही लोकांना वाटायचे की तिथे खूप पाऊस आणि रान असेल. १९६२ साली अमेरिकेचे मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेले, तेव्हा तिथे भयंकर उष्णता आहे असे कळले. १९७० साली सोव्हिएत संघाचे व्हेनेरा ७ तिथे उतरले. जमिनीवर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान असते. शिसे ३२७ अंशांनाच वितळते! हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, ती उष्णता धरून ठेवते. ढग गंधकाम्लाचे. त्यांतून थेंब पडतात पण उष्णतेने वाटेतच त्यांची वाफ होते, जमिनीवर एकही पोचत नाही. तेव्हा गोष्टीतला शुक्र खरा नाही. पण वर्ग अगदी खरा वाटतो.

मग चूक कुणाची, यावर आमच्यात बरीच भांडाभांडी झाली. काही जण म्हणाले, पोरांचीच. मला वाटते थोडी बाईंचीही आहे. नुसते 'सगळे आहेत ना' विचारण्यापेक्षा हजेरी घेतली असती तर एक कमी आहे हे लगेच कळले असते.

आमच्या वर्गात एक मुलगी दिवाळीनंतर आली. तिचे आईवडील ऊसतोडीला आलेत. ती सहसा बोलत नाही. एक मुलगा म्हणाला, मार्गोचे आईवडील तिला पुढच्या वर्षी पृथ्वीवर परत नेणार असे गोष्टीत आहे ना, मग तिला तिथे रोजच सूर्य दिसेल, एवढं काय त्यात! तेव्हा ती म्हणाली, "दिसंल की. पण सगळ्यांबरोबरचा नाही ना दिसणार." त्यावर कुणालाच काही सुचले नाही.

शेवटी बाईंनी सांगितले, दार उघडल्यावर काय झाले असेल ते एका वाक्यात लिहा. पुष्कळ जणांनी 'मुलांनी माफी मागितली' असे लिहिले. मी लिहिले, मार्गो कुणाशी बोलली नाही. त्या मुलीने लिहिले, मार्गोने विचारले, कसा होता सूर्य? सगळ्यांची वाक्ये खाली डिंकाने चिकटवली आहेत, ती जरूर वाचावीत. पालकांनाही काही सुचले तर बाईंकडून कागद मागून घ्यावा.

इयत्ता चौथी